आमच्याकडे शेवट सांगायचा

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर पुन्हा गिळून टाकेन, इतकी वर्षं तेच करत आलेय. झालं असं, आज सकाळी आमच्या वाचनाच्या ग्रुपवर कुणीतरी सहज विचारलं, सध्या काय वाचताय, मजेसाठी? आणि धडाधड उत्तरं! मुखपृष्ठांचे फोटो, बदाम, अंगठे, आणि एकीचं, मी अर्ध्यावर आहे हां, शेवट कुणी सांगू नका! मी कॉफीचा कप हातात धरून तिथेच अडकले. कारण आमच्याकडे उलटं होतं. आमच्याकडे शेवट सांगायचाच, तशी पद्धतच होती, आणि त्या पद्धतीपायी चौदाव्या वर्षी मी जे करून ठेवलं ते मी अजून कुणालाही धड सांगितलेलं नाही. मला कळतं हो, आत्मकथन लिहायचं हे वय नाही, आत्ता कुठे तिशी आलीय. पण वयाची वाट बघत बसले तर त्या संध्याकाळचे आवाज पुसून जातील, आणि मला ते पुसायला नकोयत.

आमचं घर म्हैसूरला, मंडी मोहल्ल्यात, वरच्या मजल्यावर. खाली कॉफी भाजून दळून देणारं दुकान. त्यामुळे आमच्या गाद्या, शाळेचा गणवेश, देवघरातली वस्त्रंसुद्धा, सगळ्याला कॉफीचा वास. सकाळी दळायचं यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची आणि मांडणीवरचे पेले बारीक किणकिणायचे. घरात आम्ही चौघं. अप्पा सरकारी कचेरीत, आई घरी, मी, आणि आत्या. आत्या अप्पांची मोठी बहीण, ते तिला अक्का म्हणायचे. लग्न केलं नाही. कन्नड शाळेत गणित शिकवायची आणि मुदतीच्या चार वर्षं आधीच नोकरी सोडून घरी बसली होती. का सोडलीस विचारलं तर म्हणायची, "सुम्ने. कंटाळा आला, अष्टे." सुम्ने म्हणजे उगीच, आणि अष्टे म्हणजे विषय संपला. आमचे कुणी पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते म्हणे. घोडे गेले, तलवारी गेल्या, राहिली ती ही घरातली मराठी, तीही अशी निम्मी कन्नड कालवलेली. आणि ती बोलण्यापुरतीच हं! वाचायची कुणाला येत होती? आई जवळच्या एच. डी. कोटे गावची, तिची सगळी शाळा कन्नडमधून. अप्पा मराठी पत्रिका हातात आली तर तारीख आणि ठिकाण तेवढं शोधायचे. मला शाळेत हिंदी होतं म्हणून अक्षरं ओळखीची, पण मराठीचं एक पान म्हणजे पंधरा मिनिटं आणि डोकेदुखी. घरात मराठी वाचणारी एकटी आत्या. हे लक्षात ठेवा, सगळं यातूनच झालं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पंधरावीस जणं जमायची. सतरंजीवर गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने सांगायचं, मी सध्या काय वाचतोय. हे आत्यानेच सुरू केलं होतं आणि नियमही तिचेच. परीक्षेसाठी वाचलेलं चालणार नाही, ऑफिसचं चालणार नाही, पुण्य लागावं म्हणून वाचलेलं तर मुळीच नाही. फक्त मजेसाठी. कन्नड, इंग्रजी, काहीही चालायचं, सांगायचं मात्र मराठीत, आणि गोष्ट पूर्ण सांगायची, शेवटासकट. कारण मराठी पुस्तक म्हणजे मंडळाच्या लोखंडी कपाटातली ती एकच प्रत, आणि बसलेल्यांतल्या अर्ध्यांना ती वाचता येणार नाही. शेवट राखून ठेवायचा कुणासाठी? तेव्हा आत्या सांगायला लागली की कोडुबळ्यांचा, म्हणजे कडबोळ्यांचा, कुडुम कुडुम आवाजसुद्धा थांबायचा. हात हलवायची नाही, आवाज चढवायची नाही. मांडीवर पुस्तक मिटून ठेवून त्याच्या पाठीवर बोटं फिरवत ती अशी सांगायची की माणसं घरी जाताना रिक्षात त्यातल्या पात्रांवरून भांडायची.

त्या वर्षी पुण्याहून बदली होऊन आलेल्या जोगळेकरकाकू मंडळात यायला लागल्या. स्वभावाने छान, फक्त कौतुक करायला लागल्या की अंगावर काटा यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं मराठी किती गोड हो! कानडी हेल काढून बोलता ना, ऐकतच राहावंसं वाटतं."

आत्या म्हणाली, "ऐका की. आम्ही अडीचशे वर्षं इथे बोलतोय, तुम्हीच उशिरा आलात."

सगळे हसले, काकूसुद्धा हसल्या. मग आत्याने तिचं पुस्तक सांगितलं आणि संपल्यावर काकू तिच्याजवळ सरकून बसल्या नि अगदी मनापासून म्हणाल्या, "खरं सांगू? असं वाचन आमच्याकडेही राहिलं नाही." आत्याने मान हलवली फक्त. पण घरी येताना जिन्यावर ती कन्नडमधलं काहीतरी गुणगुणत होती, जे ती कधी म्हणजे कधीच करायची नाही. त्या हॉलमध्ये ती कुणाची तरी लग्न न झालेली बहीण नव्हती, नोकरी सोडून बसलेली बाई नव्हती. तिथे ती वाचणारी होती. एवढं एकच होतं तिचं.

आता मागे बघताना सगळं दिसतं. जिना उतरताना ती शेवटच्या पायरीनंतर अजून एक पायरी पायाने चाचपायची. हुळीत, म्हणजे आमच्या सांबारात, एखाद दिवस दोनदा मीठ पडायचं आणि आई ताटावर तोंड वाकडं करायची. बस स्टॉपवर मला म्हणायची, "बोर्ड वाच बघू, कन्नड विसरलीस की काय!" आणि मी ठसक्यात वाचून दाखवायची. एकदा संध्याकाळी वीज गेली, घर अंधारं झालं, मी मेणबत्ती शोधत तिच्या खोलीशी गेले तर आत पान उलटल्याचा आवाज. मग पुन्हा. मी म्हटलं, "आत्या, करंट गेलाय गं." ती म्हणाली, "हो का?" आणि पुस्तक मिटलं. मला तेव्हा काय वाटलं असेल? काहीही नाही. मेणबत्ती सापडली याचा आनंद झाला. चौदा वर्षांची मुलगी समोरच्या माणसाला कितपत बघते हो? मी तर मुळीच बघत नव्हते.

आणि मी त्या दिवसांत एका गुपितात बुडाले होते! आत्या सारखी पाठीस लागायची, "मराठी वाच गं, नाहीतर माझ्यानंतर घरात कोण वाचणार?" म्हणून मी ठरवलं, तिला थक्क करायचं. ती जे वाचतेय तेच अख्खं पुस्तक वाचून काढायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं. तेव्हा तिच्याकडे एक जुनी कादंबरी होती, पिवळ्या पानांची, कव्हराला खाकी कागद. दोन बहिणींची गोष्ट. आईवडील गेल्यावर एका घरात दोघीच राहतात, धाकटी लग्न करून लांब जाते आणि थोरली मागे घर सांभाळत बसते. रोज चार वाजता आत्या देवराज मार्केटला फुलं आणायला गेली की मी ते पुस्तक काढायचे आणि ती यायच्या आत होतं तसं ठेवायचे. बोट ठेवून, ओठ हलवत, अडलेले शब्द वहीत उतरवत. साडेतीन महिने लागले. आत्याची खूण म्हणून एक बसचं तिकीट बासष्टाव्या पानात होतं. मी सुरुवात केली तेव्हा ते बासष्टवर होतं, मी बासष्ट ओलांडून गेले तेव्हाही तिथेच, मी पुस्तक संपवलं तेव्हाही तिथेच. मला वाटलं, अय्यो, आत्याला ते पान फारच आवडलेलं दिसतंय.

शेवटचं पान वाचलं त्या दुपारी मी खाटेवर उड्या मारल्या. खरंच. माझं आयुष्यातलं पहिलं मराठी पुस्तक! गोष्ट तशी उदास होती, थोरली बहीण दर वर्षी दाराला नवा रंग देते, धाकटी येणार म्हणून, आणि शेवटी ती येत नाही, कुणीच येत नाही, ही ओल्या रंगाचा वास घेत उंबऱ्यात बसते, बस्स. पण मला त्या उदासपणाशी काय करायचं होतं? मी वाचलं होतं ना!

शनिवार आला. गोल बसला. माझी पाळी आत्यानंतर. नेमकी आत्याने तीच कादंबरी सांगायला घेतली आणि मी जागच्या जागी चुळबुळायला लागले. आता ती संपवेल आणि मी म्हणेन, मीपण! सुरुवात अगदी पुस्तकातल्यासारखी. मग हळूहळू काहीतरी वेगळंच. पुस्तकात नसलेली एक नदी आली, एक शेजारीण आली. मला वाटलं, मलाच नीट कळलं नसेल. आत्या सांगत होती, "आणि मग एक दिवस ती दाराला रंग देत असते, पाठीमागे पावलं वाजतात. ती वळत नाही. तिला वाटतं, भास. तर मागून आवाज येतो, अक्का, आत घे की गं मला." हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. जोगळेकरकाकू पदर डोळ्याला लावत होत्या.

आणि मी ओरडले, "नाही आत्या! येत नाही ती! कुणीच येत नाही! मी वाचलंय, अख्खं वाचलंय मी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं कौतुकाने. काकांपैकी कुणीतरी म्हणालंसुद्धा, "अरे, पोरगी मराठी वाचायला लागली की!" आत्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. हसली. म्हणाली, "हो? तू वाचलंस?" तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी आनंद होता, मी शपथेवर सांगते, आधी आनंदच होता, मग बाकीचं आलं.

काकू उत्साहाने म्हणाल्या, "अय्या, मग आता वाचूनच दाखवा ना शेवटचं पान! मला ती भाषाही ऐकायचीये." त्यांच्या मनात काही नव्हतं. बाकीचेही म्हणाले, हो हो, वाचा. आत्या म्हणाली, "चष्मा घरी राहिला बहुतेक." आणि मी, मी पळत गेले, तिच्या पिशवीतून चष्मा काढला, तिच्या हातात दिला, तिच्या मांडीवरचं पुस्तक उघडून शेवटचं पान समोर धरलं आणि तिच्या खांद्याशी उभी राहिले. इतकी मदत मी आयुष्यात कुणाला केली नसेल.

तिने चष्मा लावला. पान डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ घेतलं. मग वाचायला लागली. संथ, स्वच्छ, एकही शब्द न अडता. दाराचा रंग, मागची पावलं, अक्का आत घे की गं मला. मी तिच्या खांद्यावरून पानाकडे बघत होते. माझं बोट ओळींवरून फिरत होतं, सवयीने. त्यातलं एक अक्षरही त्या पानावर नव्हतं. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. हॉल ऐकत होता, सगळ्यांना पटलं होतं, पोरीचंच चुकलं असेल म्हणून विषय संपला असता. मी अजून स्वतःला विचारते, का बोललीस? मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मला खरोखर ओळ सापडत नव्हती.

मी म्हटलं, "आत्या, हे कुठे लिहिलंय?"

ती थांबली. पुस्तक तसंच हातात. पंखा फिरत होता आणि बाहेर शेंगदाणेवाला कढई वाजवत चालला होता. जोगळेकरकाकू उठल्या, आत्याच्या समोर येऊन बसल्या आणि एक हात तिच्या डोळ्यांसमोरून अगदी सावकाश फिरवला. त्यांनी ते करायला नको होतं. आत्याच्या पापण्या हलल्या नाहीत.

"किती दिवस झाले?" काकूंनी हळूच विचारलं.

आत्या म्हणाली, "कॉफी गार होतेय सगळ्यांची."

पुढचं सगळं भरभर झालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेलं परत येणार नाही, उरलंय तेवढं थेंब घालून सांभाळायचं. उरलं होतं काय? थोडा अंधुक उजेड, माणसांच्या सावल्या. फळ्यावरचे आकडे दिसेनासे झाले म्हणून तिने नोकरी सोडली होती. दीड वर्षाची पुस्तकं तिने अर्धी आठवणीतून आणि अर्धी मनाने सांगितली होती. घरात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, ती सुरक्षित होती. मी वाचायला शिकले तोवर.

अप्पा दवाखान्यातून आल्यावर रडकुंडीला येऊन ओरडले, "अक्का, सांगायचं नाही? आधी आणलं असतं तर डॉक्टर म्हणाले..."

"तुला सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून ठेवलं असतंस," आत्या म्हणाली. "आता बसव."

आईने तिच्यासाठी गोड पोंगल केलं. आमच्याकडे दुखणं आलं की गोड पोंगल व्हायचं, का कोण जाणे. आत्याने ते बोटांनी चाचपून खाल्लं, आणि आता लपवायचं काही नव्हतं म्हणून शीत शर्टावर सांडलं तरी झटकलं नाही. हो, घरात ती अप्पांचे जुने शर्ट घालायची, नऊवारी पाचवारी काही नाही. मला अजून ते शीत दिसतं.

तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, मी रडले असते, पाय धरले असते. मी म्हटलं, मी वाचून दाखवते रोज. ती बरं म्हणाली. मी वाचायला बसले, आणि माझं ते अडखळत, जोडाक्षरावर आपटत वाचणं! ती आधी सुधारायची, मग सुधारणं सोडलं, मग पंधरा मिनिटांनी म्हणायची, "साकु गं, पुरे. दमलीस." दमायची ती. तरी चार वाजता तोंड धुऊन, केस विंचरून ती खुर्चीत तयार बसलेली असायची. मग माझी दहावी आली, शिकवण्या लागल्या, कधी मैत्रिणीकडे, कधी नुसतंच उशिरा. मी सहाला यायची तेव्हा ती त्याच खुर्चीत असायची आणि विचारायची, "कॉफी घेतलीस?" पुस्तकाचं नाव नाही. मंडळात ती पुन्हा गेली नाही. काकू दोनदा घरी आल्या, दोन्ही वेळा आत्या झोपली आहे असं मला सांगायला लावलं. तिच्याशिवाय तो गोल तीनचार महिने चालला, मग नुसता फराळाचा कार्यक्रम उरला.

दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात आत्या पिरियापट्टणला एका लांबच्या मावसबहिणीकडे राहायला गेली. म्हणाली, तिथे घर जमिनीवर आहे, जिना नाही. अप्पांनी खूप समजावलं. जाताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, मुलांची बेरीज तपासावी तसं, आणि म्हणाली, "मोठी झालीस की."

मी तिला भेटायला गेले ते थेट कॉलेजात गेल्यावर, हिवाळ्यात. एवढा उशीर. पिरियापट्टणला सगळीकडे तंबाखू भाजल्याचा गोडसर, घशात बसणारा वास. घर शोधत गल्लीत वळले आणि लांबूनच आवाज ऐकू आला. आत्याचा. जगलीवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, सातआठ बायका अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मध्ये आत्या, तिच्या मांडीवर पुस्तक बिस्तक काही नाही, शेंगांचं सूप. ती कन्नडमध्ये सांगत होती, "मी सध्या एक पुस्तक वाचतेय. त्यात एक बाई असते..." आणि बायका मध्येच विचारत होत्या, "मत्ते? पुढे काय झालं, टीचर?" त्यांच्यातली एक तर शेंग हातात धरून सोलायची विसरली होती. मी फाटकाशी उभी राहिले. श्वाससुद्धा आवरून. मला वाटलं, असंच उभं राहावं, गोष्ट संपेपर्यंत, कळूच द्यायचं नाही.

पण माझ्या चपलेखाली वाळकी फांदी की काय ते मोडलं. आत्याने तोंड वळवलं. "यारू?" कोण आहे?

"मी, आत्या," मी मराठीत म्हटलं.

तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला, तिने हात पुढे केले, जवळ बसवलं, अप्पांचं विचारलं, आईचे गुडघे विचारले. मला उपिट्टू आलं, कॉफी आली. बायका वाट बघत होत्या. एकजण म्हणाली, "टीचर, पुढचं?" आत्या म्हणाली, "उरलेलं नंतर." मी म्हटलं, "सांग ना आत्या, मलाही ऐकायचंय." ती हसली आणि माझ्या हातावर थोपटलं. "तुला काय सांगायचं, तू वाचतेस." मी दोन तास बसले. शेंगा सोलल्या. तिला आता काहीतरी बोलायचं, विचारायचं, माफी मागायची म्हणून दहादा तोंड उघडलं. ती हवापाण्याचं बोलत राहिली. मग माझ्या बसची वेळ झाली. पाया पडले, निघाले, फाटक ओढून घेतलं. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले असेन नसेन, मागून तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. कुठे थांबली होती तिथूनच. मी उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला. शब्द कळले नाहीत, नुसता आवाज, आणि मध्येच बायकांचं हसणं.

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

लिहून टाकलं, बाई. चुका असतील तर असू देत. मला तुम्हाला एकच विचारायचंय, आणि खरं सांगा. तुमच्या आवडीचं, तुमच्यावर जीव असलेलं कुणी माणूस, दुसऱ्यांशी रंगून बोलता बोलता, फक्त तुम्ही आलात म्हणून गप्प झालंय का कधी?